कोपऱ्यातली निळी खुर्ची

रविवार, १३ एप्रिल १९१३

बसले. आज खरंच बसले!

मंगळवार, १५ एप्रिल

दोन दिवस काही लिहवत नव्हतं. वर्गात फळ्यावर गणित मांडताना मध्येच कान तापायचे आणि वाटायचं, मुलींना मागून सगळं दिसतंय.

झालं ते असं. बंदरावर जाळी ठेवायची जी जुनी माडी आहे, तिथे हिवाळ्यापासून एक चित्रकार राहायला आलाय. आस्गर लिनटॉफ्ट. पॅरिसला राहून आला आहे, दाढी लोण्याच्या रंगाची, बोलणं सरळ उद्धट. मार्चमध्ये मी एकटीच गेले होते, मुलींना महिन्यातून एकदा चित्रकला शिकवाल का विचारायला. तो मान वर न करता म्हणाला, "मुलींचं बघू. पण तुमची पाठ मला काढायची आहे."

मी म्हटलं, "माझी पाठ तुम्हाला दर रविवारी चर्चमध्ये दिसते."

"तिथे काळी लोकर दिसते," म्हणाला.

तणतणत घरी आले. मुलींच्या शाळेची मुख्य बाई मी! आणि तीन आठवड्यांनी स्वतःच्या पायांनी त्याच जिन्यावर चढले. कोणी ओढून नेलं नाही.

का गेले? इथे तरी खरं लिहावं. मी चार वर्षांची असताना धुण्याच्या दिवशी आईच्या हातून उकळत्या पाण्याचा हंडा कलंडला. डाव्या खांद्यापासून कमरेपर्यंत सगळं भाजलं. आई मरेपर्यंत एकच सांगत राहिली, "सेव्हेरिन, कोणाला दाखवायचं नाही." नाही दाखवलं. त्यापायी एका भल्या माणसाला नकार दिला. उन्हाळ्यात गावातल्या बायका धक्क्यावरच्या फळ्यांच्या आडोशात पोहायला जातात, कपडे काढून, हसत-खिदळत. मी बाहेर बाकावर छत्री उघडून बसते. छाती नाजूक आहे म्हणते. सगळ्यांना पटतं. आता सत्तेचाळीस वर्षांची झाले. डॉक्टर सोडले तर ही पाठ कोणी बघितलेली नाही.

एकदा कोणीतरी बघावी असं वाटलं. बस.

गुरुवार, १७ एप्रिल

उद्या प्रार्थनेची मोठी सुट्टी. वाल्बोर्गने बेकरीतून गव्हाचे बन आणले. दोघींनी भाजून, लोणी थापून, उभ्या उभ्याच खाल्ले. ती म्हणते, "बाई, तुम्ही हल्ली खाता बरं का! हिवाळ्यात चिमणीएवढं खात होता."

वाल्बोर्ग माझ्याकडे चार वर्षं कामाला आहे. लांगेलँड बेटावरची, जीभ तिखट, हात चलाख. ऑगस्टमध्ये तिचं लग्न. नवरा मुलगा अँटोन, खाटीक क्लाउसेनचा थोरला, जहाजांना बंदरात आणणाऱ्या होडीवर काम करतो. घरभर तिच्या चादरी पडलेल्या आहेत, प्रत्येकीच्या कोपऱ्यावर दोघांच्या नावांची अक्षरं भरलेली. दर शुक्रवारी ती चित्रकाराची जमीनही पुसून येते.

त्या चित्रकाराचं स्टूल डगमगतं. "घरात एखादी जुनी खुर्ची असेल तर द्या," म्हणाला. लाकडाच्या खोलीत ती निळी पडून होतीच, पाठीत दोन हृदयं कोरलेली. माझ्या आधीच्या बाईंच्या काळापासून वर्गाच्या कोपऱ्यात असायची. मुलीने खोडी काढली की तिने भिंतीकडे तोंड करून तिच्यावर बसायचं. दोन वर्षांपूर्वी नवे तपासनीस म्हणाले, हे आता बंद करा. बंद केलं. चला, पडून राहण्यापेक्षा कामी आली!

वाल्बोर्ग ती डोक्यावर पालथी घालून भर बाजारातून घेऊन गेली. परत आल्यावर हसत होती. "बाई, सगळे विचारत होते, आज कोणाला शिक्षा?"

मीही हसले.

रविवार, २० एप्रिल

वाल्बोर्गला सांगितलं, बांधावर फिरायला जाते. खोटं बोलायला किती सोपं असतं! मुलींना यासाठी मी कोपऱ्यात बसवत होते.

त्याने शेगडी एवढी पेटवली होती की घाम आला. पडद्यामागे बटणं सोडायला मला इतका वेळ लागला की तो शीळ घालायला लागला. मग बाहेर आले आणि त्याच्याकडे पाठ करून बसले. हात मांडीवर. "डावा खांदा थोडा खाली," एवढंच म्हणाला. ब्रशचा आवाज येत होता. खिडकीखालून हेरिंग मासळीचा वास.

बऱ्याच वेळाने विचारलं, "तो डाग... काढणार?"

"नको म्हणालात तर नाही काढत."

मग म्हटलं, "काढा."

"मग हलू नका," म्हणाला. मी रडत होते, त्यामुळे हलत होते. त्याने विचारलं नाही. बरं झालं.

रविवार, ४ मे

चित्र झालं. आज त्याने दाखवलं.

मी नारिंगी आहे! मानेखालच्या सावल्या हिरव्या. खुर्ची अशी निळी की नुसती बघत राहावी. चेहरा जवळजवळ नाहीच, खिडकीकडे वळलेला गालाचा एक फटकारा. आणि पाठीवरून खाली तो — जांभळा, मध्ये गुलाबी, कडेला थोडा पिवळा. बीटाचं पाणी सांडून वाळल्यासारखा. आरशात मी तो नेहमी घाईने बघितला, अर्धा, मान वळवून. पुरा आज बघितला. वाईट दिसत नव्हता. माझाच होता.

त्याला म्हटलं, "कोणाला कळणार तर नाही ना?"

"चेहरा नाही, नाव नाही. मॉडेलचं नाव चित्रकाराने सांगायचं नसतं. आमच्या धंद्यात ती शपथच समजा."

घरी येताना बांधावरून खरंच फिरून आले. उगाच. छाती भरून श्वास घेतला, नाजूक छातीने!

रविवार, ११ मे

पेंटेकॉस्टचा सण. चर्चमध्ये ताठ बसले. मागच्या बाकावरच्यांना फक्त काळी लोकर दिसली, आणि मला आतल्या आत हसू येत होतं. बेशरम बाई!

रविवार, ८ जून

काय लिहू?

हॉटेलच्या मोठ्या दालनात प्रदर्शन उघडलं. अर्धं गाव लोटलेलं, चर्चमधून थेट तिकडेच, टोप्या-हातमोज्यांसकट. आस्गरची अकरा चित्रं. बोटी, बर्फ, त्याच्या बहिणीची मुलं. ते चित्र टोकाच्या भिंतीवर. मी मुद्दाम बोटींसमोर उभी राहिले, जणू मला बोटींत फार रस आहे.

आधी सगळे जांभळ्यावर हसले. खाटीक क्लाउसेन म्हणाला, "माझ्या दुकानात असलं मांस टांगलं असतं तर दुकानाला कुलूप लागलं असतं!" दालनभर हशा. पाद्रीबुवा हात मागे बांधून समजावत होते, "ही पॅरिसची पद्धत. खरं असतं तसं काढायचंच नाही." मी काय केलं? मीही हसले. सगळ्यांसारखी, रुमाल तोंडाला लावून. माझ्याच पाठीला हसले!

तेवढ्यात फ्रू ब्रॉस्त्रुप ओरडली. औषधवाल्याची बायको, पूर्वी माझ्या वर्गात होती. "अगं, ही खुर्ची! डोळे मिटून ओळखीन! शाई सांडली म्हणून मी हिच्यावर अख्खी दुपार काढलीय!"

मग काय, सगळ्या माझ्या जुन्या मुली धावल्या. "मी दोनदा!" "मी भजनात हसले म्हणून!" "त्या हृदयात बोट घालून बसायचो, आठवतं?" पंचवीस-तीस बायका, हातात केकच्या बशा, आणि सगळ्या त्या खुर्चीवर कधी ना कधी बसलेल्या. खुर्ची साऱ्या गावाची ओळखीची, आणि हे माझ्याच लक्षात राहिलं नाही! मुलींना सव्वीस वर्षं सांगत आले, आधी पूर्ण प्रश्न वाचा, मग उत्तर लिहा.

"बाई, तुमची खुर्ची चित्रकाराकडे कशी?"

मी म्हटलं, "मागितली म्हणून दिली."

"नेऊन कोणी दिली?"

"वाल्बोर्गने."

माझ्या तोंडून गेलं. साधं उत्तर होतं, खरंही होतं. मग कोणीतरी म्हणालं, "शुक्रवारी जमीन पुसायलाही तीच जाते ना?" आणि सगळ्यांच्या माना त्या चित्राकडे वळल्या — नव्याने.

मी म्हणायला हवं होतं, छे, काहीतरीच काय! तेवढंही म्हटलं नाही. मी बोटी बघत राहिले.

सोमवार, ९ जून

माझ्याकडे कोणाचा संशय गेलाच नाही. एकाचाही नाही. रात्रभर आधी सुटल्यासारखं वाटलं, मग त्याचं वाईट वाटलं. कसली बाई आहे मी!

बुधवार, ११ जून

अँटोन आस्गरकडे गेला होता. मासळी बाजारात ऐकलं.

"ही वाल्बोर्ग आहे का?"

"मॉडेलचं नाव मी सांगत नसतो."

"मग नाही म्हणा!"

"तेही सांगत नसतो."

अँटोनने त्याचा रंगाचा डबा खिडकीतून पाण्यात फेकला. आस्गरच्या शपथेने मला वाचवलं आणि वाल्बोर्गला बुडवलं. संध्याकाळी मी जिन्यात त्याला गाठलं. तो म्हणाला, "तुम्ही सांगा. तोंड तुमचं, नाव तुमचं. मी सांगितलं तर माझ्यासमोर परत कोण बसेल?" आणि नजर रोखून उभा राहिला. मी खाली उतरून आले.

रविवार, १५ जून

वाल्बोर्ग पहिल्यांदा हसली होती. "बाई, माझी पाठ एवढी रुंद आहे का हो? अपमान आहे हा!"

आज हसत नाही. क्लाउसेनकडे कॉफीला बोलावलं होतं. परत आली ती सरळ स्वयंपाकघरात, आणि बटाटे इतके सोलत राहिली की आठवडाभर पुरतील. मी विचारलं तेव्हा मान न वळवता सांगितलं.

"अँटोनची आई म्हणाली, पांढरा पोशाख कोणत्या तोंडाने घालशील? मी म्हटलं, थांबा, आत्ता दाखवते माझी पाठ. दाखवली! तिथेच, जेवणघरात, गळ्याची गाठ सोडून. म्हटलं, बघा, कुठाय जांभळं?"

"मग?"

"म्हणाली, जांभळं चित्रकाराच्या डोक्यात असतं. तुझ्या पाठीवर कसं सापडेल?"

बटाट्याची साल जमिनीवर पडली. मी ती उचलली. दुसरं काही केलं नाही. शब्द अगदी ओठांवर होते. आणि डोळ्यांसमोर शाळा होती, वरच्या माझ्या दोन खोल्या, खिडकीतलं सफरचंदाचं झाड. असल्या बाईच्या हाती मुली कोण सोपवेल? एका दिवसात सगळं जाईल.

वाल्बोर्गने माझ्याकडे बघितलं. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. मग पातेलं घासायला घेतलं.

सोमवार, २३ जून

सेंट हान्सची होळी. गाव किनाऱ्यावर जमलं होतं, अजून उजेड होता. दरवर्षी मुलं गवताची चेटकीण करून लाकडांवर ठेवतात, ती पेटली की सगळे गातात. या वर्षी चेटकिणीला लोकरीची पिवळी वेणी होती, वाल्बोर्गसारखी. अंगावर कपडा नाही. पाठीवर जांभळा रंग फासलेला. आणि तिला बसवलं होतं एका निळ्या रंगवलेल्या खोक्यावर, लोकांकडे पाठ करून.

वाल्बोर्ग माझ्या शेजारी उभी होती. तिचा हात माझ्या हाताला लागत होता. मागून कोणीतरी बोललं, "सरळ बस गं, वाल्बोर्ग!" हशा पिकला. आग आधी खोक्याला लागली, मग वेणीला. लोक गायला लागले, आणि मी — मी गायले! मुलींना सूर धरून मीच देते ना दरवर्षी. गाणं संपेपर्यंत गायले.

वळून बघितलं तर वाल्बोर्ग नव्हती.

मंगळवार, २४ जून

पाद्रीबुवा म्युलर आले. शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष तेच. कॉफी घेतली, केक घेतला, दुसरा घेतला. मग: "होल्मबाई, तुमचा तर काहीच दोष नाही. पण मुलींच्या शाळेच्या छताखाली तसली मुलगी... पालक बोलतात हो."

मी म्हणाले, "ती चांगली मुलगी आहे."

"असेलही. पण बरं दिसत नाही."

"बरं," मी म्हणाले.

'बरं' म्हणाले! पाद्रीबुवांनी थोपटल्यासारखं माझ्या हातावर हात ठेवला. गेल्यावर त्यांचा कप मी तीनदा धुतला.

गुरुवार, २६ जून

मीच तिला सांगितलं. दुसरं कोण सांगणार? म्हटलं, थोडे दिवस बहिणीकडे जा, वारं शांत होऊ दे. किती गोड आवाजात बोलले मी! स्वतःचीच शिसारी आली.

ती भांडली नाही. चादरी एकेक घडी घालून पेटीत भरल्या, अक्षरं आतल्या बाजूला. दाराशी पेटी ठेवली, डोक्याला रुमाल बांधला. मी खिशातून काहीतरी द्यायला लागले, तर म्हणाली, "राहू द्या."

मग उंबऱ्यावर थांबली.

"बाई, फेब्रुवारीत तुम्हाला ताप आला होता. तुम्ही शुद्धीवर नव्हता. तीन दिवस पाठीला मोहरीचा लेप मी लावत होते."

पैसे माझ्या मुठीतच राहिले.

"प्रदर्शनात पहिल्याच दिवशी ओळखलं मी. वाटलं, बाई बोलतील. आज नाही तर उद्या." तिचा आवाज चढला नाही. "होळीच्या वेळीही वाटलं होतं."

"वाल्बोर्ग, तू का नाही बोललीस?"

"माझी पाठ असती तर बोलले असते," ती म्हणाली. पेटी उचलली आणि गेली.

तिने माझी लाज झाकली. तिच्या लाजेची होळी झाली तरी झाकली. आणि मी तिला घराबाहेर काढलं.

रविवार, २९ जून

गेले. प्रार्थनेनंतर पाद्रीबुवांच्या अभ्यासिकेत गेले, दार लावलं आणि म्हटलं, "त्या चित्रातली बाई मी आहे."

त्यांनी चष्मा काढला. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. काळी लोकर, बूट, पांढरे झालेले केस, सगळं. आणि तोंडाचा कोपरा हलला. हसू होतं ते! दाबलं त्यांनी, पण मी बघितलं. असल्या बाईचं चित्र कोण काढणार — चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

मग त्यांचे डोळे भरून आले.

"होल्मबाई, काय मन आहे तुमचं! त्या मुलीसाठी स्वतःवर एवढं घ्यायला निघालात!"

"पाद्रीबुवा, मी खरं सांगते आहे."

"तुम्ही खोटं बोलायला शिकलाच नाहीत, म्हणून बघा, तुम्हाला जमतही नाही. घरी जा. विश्रांती घ्या."

माझ्याकडे पुरावा होता. हाताच्या अंतरावर, काळ्या लोकरीखाली. पाठीचं सांगायला तोंड उघडलं, आणि त्यांच्यासमोर 'पाठ' हा शब्द उच्चारवेना. आईचा आवाज कानात. कोणाला दाखवायचं नाही.

बाहेर आले. आणि देवाशप्पथ, पहिल्यांदा काय वाटलं असेल तर हायसं वाटलं! सांगून टाकलं, आता कर्तव्य संपलं. चर्चच्या फाटकापर्यंत तसं वाटत होतं. फाटकाशी फ्रू ब्रॉस्त्रुप भेटली, "बाई, चला ना कधी आत पोहायला, पाणी काय छान आहे!" म्हणाली. नेहमीसारखं म्हटलं, छाती नाजूक आहे.

बुधवार, २ जुलै

पाद्रीबुवांनी बायकोला सांगितलं, बायकोने गावाला. आता मी संत आहे. पाद्रीबुवांच्या घरून रुबार्बचा केक आला. बेकरीवाल्याने बनाचे पैसे घेतले नाहीत. रस्त्यात पुरुष टोपी जरा जास्तच वर उचलतात. "त्या पोरीसाठी बाईंनी केवढं केलं असतं, आणि पोरगी बघा!" म्हणजे माझ्या कबुलीने वाल्बोर्ग आणखी खाली गेली.

केक उंदरांना घातला.

संध्याकाळी अँटोन आला. दारातच उभा राहिला, टोपी हातात पिळत.

"बाई, तुम्ही तिला चार वर्षं बघितलंय. सांगा. ती होती का?"

"नव्हती, अँटोन. मी होते."

त्याने मान हलवली. हळू, दुःखाने, म्हाताऱ्या माणसासारखी. "तुम्ही चांगल्या आहात, बाई. म्हणून असं म्हणता."

मार्स्टाल बंदरातल्या एका शिडाच्या जहाजावर त्याने नाव घातलं आहे. न्यूफाउंडलंडला, खारवलेले मासे आणायला. शनिवारी संध्याकाळी सहाला सुटणार. "आई म्हणते, समुद्राने माणूस विसरतो." मग म्हणाला, "मला विसरायचं नाहीये. पण इथे राहून लोकांच्या डोळ्यांत बघवत नाही."

गेला. मी दारात उभी. त्याला तिथेच थांबवून, पाठीवरची बटणं सोडायला हवी होती का? परक्या तरुण पुरुषासमोर? नाही. पण मग कोणासमोर?

शुक्रवार, ४ जुलै

दुपारी दार लावून आरशासमोर बसले. दुसरा आरसा हातात. घाई केली नाही. जांभळा, मध्ये गुलाबी, कडेला पिवळा. आस्गरने एक रेघही खोटी काढली नव्हती. साऱ्या गावात त्या चित्रातली एकच गोष्ट हुबेहूब आहे, आणि तिलाच सगळे पॅरिसची पद्धत म्हणतात.

मी काय जपत होते? शाळा. खोल्या. सफरचंदाचं झाड. आणि त्या पोरीने काय जपलं? मला.

लाज वाटते. पाठीची नाही आता. पाठीची लाज वाटायला मनात जागाच उरली नाही.

शब्दांवर कोणी विश्वास ठेवत नाही, हे कळलंच आहे. उद्या शनिवार. धक्क्यावर चार वाजता बायकांची वेळ.

शनिवार, ५ जुलै

छत्री घरी ठेवली. आडोशाच्या आत गेले. सगळ्या होत्या — फ्रू ब्रॉस्त्रुप, पाद्रीबुवांची बायको, माझ्या किती तरी जुन्या मुली, आणि अँटोनची आई पायरीवर, पाय पाण्यात सोडून. "अगंबाई, आज बाई आत!" कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. मी एकेक बटण सोडलं. कपडे घडी करून ठेवले. यातल्या निम्म्याजणींना मी कधीतरी भिंतीकडे तोंड करून बसवलं आहे. आज त्यांच्याकडे पाठ करून मी बाकावर बसले. हात मांडीवर, डावा खांदा थोडा खाली. हलले नाही.

बडबड थांबली. मग सगळंच थांबलं, फक्त फळ्यांखाली पाणी वाजत होतं. कोणाचे तरी ओले पाय जवळ आले. एक बोट माझ्या पाठीला लागलं, अगदी हलकं, रंग निघतो का बघावा तसं. आणि मागून अँटोनच्या आईचा आवाज, रडका, कर्कश —

"माझे जोडे! जोडे द्या गं कोणीतरी! सहाला सुटेल ना ते जहाज!"